गुरुजींची दुसरी ओळ

मित्रहो, भूकंपात गेलेल्या आमच्या गुरुजींनी स्वतः रचलेली कविता आम्ही लिंबाखाली रोज म्हणायचो. ती कुठं छापली नव्हती.

आज आजारी बहिणीनं पहिली ओळ म्हटली अन् विचारलं, "दादा, पुढं काय हाय रे?" मलाही आठवेना.

मोबाईलवर शोधलं. आधी लातूरच्या क्लासेसच्या जाहिराती, "रिपीटर बॅच, प्रवेश सुरू". त्याखाली अख्खी कविता, यंत्रानं, म्हणजे एआयनं, मनानंच जुळवलेली. मी भाबडेपणानं वाचून दाखवली.

"न्हाई, गुरुजी असं न्हाई लिहायचे."

"अगं, इथं लिहिलंय ना."

दुपारपासून ती तीच खोटी ओळ गुणगुणत राहिलीय. खरी ओळ कदाचित तिच्या ओठापर्यंत आली होती, मीच ती परत गाडली. आमच्या वर्गातलं कुणी उरलंय का इथं ग्रुपवर?