जादा बॅटरी, एकशे तीस ग्रॅम

निवृत्तीनंतरचं माझं पोस्टिंग हॅनोव्हरला आहे. हुकूम मुलीचा. बायको गेल्यावर अश्विनीनं मला इथं आणलं, आणि अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस हुकूम मोडत नाही. पाचला उठतो, साडेपाचला चालायला जातो, सातला चहा. मग दिवसभर काम नाही. पायाला भिंगरी लागलेला माणूस तीन खोल्यांत किती फिरणार?

जावई जर्मन. नाव येन्स, मी येन्सराव म्हणतो. इंजिनियर आहेत, शिकारीचा रीतसर परवाना आहे. गेल्या शरदात ते एका मित्राबरोबर तीन दिवस आल्प्समध्ये गम्सच्या शिकारीला निघाले होते. गम्स म्हणजे कड्यांवर राहणारी रानबकरी. तिथं रस्ता नाही, मोबाइलला नेटवर्क नाही, सगळं पाठीवर न्यायचं. त्यासाठी हलकी रायफल आणि सॅक हवी होती. शनिवारी दहा वाजता मला दुकानात घेऊन गेले.

येन्सरावांचा जीव कार्बनच्या दस्त्याच्या रायफलवर. दोन किलो चारशे. मी म्हणालो, "आधी कोपऱ्यापर्यंत पळून या, मग धरा." दुकानदार म्हातारा शिकारी होता, त्यानं मान डोलावली. येन्सराव पळून आले. रिकामी रायफल खांद्याला लावली, तर नळी डुलत होती. धापा टाकणाऱ्याच्या हातात फार हलकी रायफल स्थिर राहत नाही, आणि धक्काही जोरात देते. शेवटी दोन किलो आठशेची घेतली.

सॅकचं उलट. तिथं नुसतं वजन बघून भागत नाही, ओझं कंबरेवर बसायला हवं. दुकानदारानं आत वाळूच्या पिशव्या भरल्या. पहिल्या सॅकचा पट्टा पोटावर चढला. दुसरीचा बसला.

रविवारी मी त्यांना ट्रेपेनहाउसमध्ये, म्हणजे इमारतीच्या जिन्यात, उतरवलं. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, रायफलच्या जागी झाडूचा दांडा, चार मजले वरखाली. तिसऱ्या फेरीला दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून आज रविवार असल्याची आठवण करून दिली; इथं रविवारी आवाज करायचा नसतो. पुढच्या फेऱ्या येन्सरावांनी मोज्यांवर केल्या.

मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू मोजली. यादी तयार होती: वस्तू, वजन, आणि कोण उचलणार त्याचं नाव. हा शेवटचा रकाना माझा. पेट्रोलिंगच्या यादीत प्रत्येक वस्तूसमोर जवानाचं नाव असतं. येन्सराव पेन घेऊन वजन छाटू लागले. दुसरी पँट गेली. डबा गेला. मग सॅटेलाइट फोनची जादा बॅटरी, एकशे तीस ग्रॅम.

"एक पुरते, बाबा. तीनच तर दिवस." त्यांनी रेघ मारली.

मी उठलो. बाल्कनीत गेलो, परत आलो. पाणी प्यालो, पुन्हा बाल्कनीत गेलो.

"बाबा, बसा ना जरा. काय झालंय?" अश्विनी म्हणाली.

"काही नाही. थंडीत फोन वगैरे..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

मी बसलो. तिच्या आईलाही सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

मी तेव्हा नायब सुभेदार होतो. पोस्ट साडेचौदा हजार फुटांवर. आम्ही पाच जण पेट्रोलिंगला निघणार होतो. आदल्या दुपारी मी काट्यावर प्रत्येकाचा पिट्ठू, पाठीवरची फौजी सॅक, टांगला. रेडिओ ऑपरेटर लान्स नायक सोपान, पंचवीस वर्षांचा, गडी अंगानं बारीक. रेडिओ सेटमुळे त्याचं वजन सगळ्यांत जास्त भरलं. मला वेगात जाऊन यायचं होतं.

"जादा बॅटरी काढ," मी म्हणालो.

"साहेब, राहू दे की. मी उचलतो."

"एक पुरते. काढ."

त्यानं काढली. यादीतली त्याच्या नावासमोरची ओळ मी माझ्या हातानं खोडली.

सकाळी सहाला निघालो. अकरा चाळीसला सोपान घसरला. चाळीस फूट खाली, मांडीचं हाड मोडलेलं, आत रक्तस्राव. दोरावरून आम्ही त्याच्यापर्यंत पोचलो. सेट शाबूत होता. तो त्यानं दुसऱ्या कुणाला दिला नाही, पडल्या पडल्या स्वतःच बोलला.

"टायगर, अल्फा वन. वन कॅज्युअल्टी. ग्रिड..."

दोन आकडे गेले आणि सेट बंद पडला. थंडीनं बॅटरी बसली होती. जॅकेटमध्ये धरून ऊब दिली, उपयोग झाला नाही. दोन जणांना पोस्टकडे पळवलं. हेलिकॉप्टर बाराला उडालं होतं, पण अर्धवट ग्रिडमुळे शेजारच्या दरीत शोधत होतं. आमच्याकडे चार पन्नासला आलं. सोपान साडेतीनला गेला होता.

सेट बंद पडला तेव्हा तो इतकंच म्हणाला, "साहेब, बॅटरी गेली." माझ्याकडे बघितलंही नाही, मला लाज वाटू नये म्हणून. रिपोर्टमध्ये मी 'सेट निकामी' लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

अश्विनी रडत होती. येन्सरावांनी बॅटरी उचलली, पुन्हा मोजली नाही, सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकली.

"तिथं नाही," मी म्हणालो. "आतल्या खिशात. अंगाला लागून."

"हो, बाबा," येन्सराव म्हणाले.

शुक्रवारी पहाटे ते गेले. तीन दिवस मी चाललो. घराजवळच्या तळ्याला किती फेऱ्या मारल्या मोजल्या नाहीत. अश्विनीनं जेवायला हाक मारली की उभ्यानं जेवत होतो. रविवारी संध्याकाळी पाच चाळीसला फोन वाजला.

"बाबा, खाली आलो. दोघंही ठीक. गम्स दिसला, मारला नाही. फार लांब होता."

"आणि बॅटरी?"

"वापरलीच नाही. नुसतीच वाहून आणली."

"असंच असतं," मी म्हणालो. फोन अश्विनीला दिला.

यादी फ्रिजवर चुंबकाखाली होती. ती काढली, टेबलावर ठेवली. बॅटरीवरची येन्सरावांची रेघ तशीच होती, आणि समोरचा नावाचा रकाना रिकामा. मी चष्मा लावला, ती ओळ खाली पुन्हा लिहिली. जादा बॅटरी, एकशे तीस ग्रॅम. कोण उचलणार: लान्स नायक सोपान.