वजन झालं न, मग जेव

"बाकीचं राहू दे. तो जेवत काय होता, ते सांग."

बॉक्सर कुठल्याही देशाचा असो, काकूंचा पहिला प्रश्न हाच. हातात उलथनं असलं, तर ते बोलणाऱ्याच्या नाकासमोर.

खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्याबाहेर काकूंचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. रविवारी त्यांच्या ओट्यावर आम्ही कारखान्यातले पाचसहा जण जमायचो. वाद ठरलेला : एकशे बारा पौंडांच्या गटात आजवरचा सर्वांत मोठा कोण? कुणी फिलिपिन्सच्या पोराला वर ठेवी, कुणी अर्जेंटिनाच्या बुटक्याला. मी हिशेब विभागातला. किती लढती, किती जिंकल्या, किती ठोशावर संपवल्या, हे मी मांडायचो. काकू आत पोळ्या लाटता लाटता ऐकत.

"हा तुझा अर्जेंटिनावाला वजनासाठी उपाशी राहत होता का रे?"

"ते मला माहीत नाही, काकू."

"मग काहून आकडे घेऊन बसला?"

त्यांचा पहिला नंबर पक्का होता. वेल्सचा एक जुना खाणकामगार. तो इतका किडकिडीत, की भरपेट न्याहारी करून काट्यावर चढला तरी एकशे बाराच्या कितीतरी खाली. माझ्या आकड्यांतही तो वरच होता; पण काकूंचं कारण निराळं होतं. "त्याच्या माउलीला ताट झाकून ठेवावं लागलं नाही," त्या म्हणत. मग ओट्यावरचा वाद तिथेच संपे.

तुम्ही त्या गल्लीत राहिला असता, तर तुम्हीही तो वाढवला नसता.

काकूंचा एकुलता मुलगा याच गटात लढायचा. पासष्टच्या लढाईनंतर कारखान्यातला ओव्हरटाइम काही थांबला नव्हता. तो दिवसभर मशीनवर उभा राहून यायचा आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारायचा. एका मोठ्या स्पर्धेआधी त्याने आईकडून वचन घेतलं, "मी कितीही मागितलं तरी देऊ नको." काकूंनी पोळ्यांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. वजनाच्या आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला ऐकू आलं.

"आई, एक पोळी दे न."

"उद्या. वजन झाल्यावर."

"एकच."

"तूच म्हणाला होता न?"

दुसऱ्या दिवशी काटा बरोबर एकशे बारावर थांबला. तो जिंकला. बघायला आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना त्याचा खेळ आवडला आणि त्यांनी त्याला पलटणीत घेतलं. सगळ्या गल्लीने पेढे खाल्ले. दोन वर्षांनी, एकाहत्तरच्या लढाईत, तो पूर्वेकडून परत आला नाही.

त्यानंतर कधीतरी, एका दुपारी काकू ताटलीत एक पोळी घेऊन आमच्याकडे आल्या.

"तू हिशेबाचा माणूस. हिचं वजन किती?"

"असेल दीडेक औंस."

"काटा बरोबर एकशे बारावर होता न?"

"होता."

"म्हणजे मी ही दिली असती, तर तो बाद झाला असता. पलटणवाल्यांनी पाहिलाच नसता. आज ओट्यावर बसून तुमच्याशी भांडून राहिला असता."

मला घाई झाली. त्यांच्या मनावरचा भार उतरवायचा होता आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"नाही, काकू. वजनाची वेळ संपेपर्यंत पुन्हा काट्यावर चढता येतं. तेवढा घाम त्याने दोरीवर गाळला असता. तो निवडला गेलाच असता. तुमचा काही दोष नाही."

काकू पोळीकडे बघत राहिल्या.

"म्हणजे खाल्ली असती, तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या.

माझा नियम अचूक होता. पोळी त्या परत घेऊन गेल्या.

पुढे दर वर्षी स्पर्धेच्या सकाळी काकू वजनाच्या खोलीच्या दारात डबा घेऊन उभ्या. पोरगा काट्यावरून उतरला, की "वजन झालं न? मग जेव." आणि एखादा जास्त भरला, तर त्याच्याही हातात पोळी. "खा रे. घाम नंतर गाळ."

प्रशिक्षक कपाळाला हात लावायचा. "काकीजी, मत खिलाइए, इसको फिर तौलना है!"

"चलता है, भैया," काकू सोबत आलेल्या माझ्याकडे बोट दाखवून सांगत. "इनसे पूछ लिया है."

सगळे हसत. मीही हसायचो, पण नजर खाली घालून.

काकू गेल्या, त्यानंतरच्या स्पर्धेला निकाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकशे बाराच्या गटातला एक पोरगा थोडा जास्त भरला. काट्यावरून उतरला आणि सवयीने त्याने दाराकडे पाहिलं.

दारात मी उभा होतो. माझ्या हातात फक्त पेन होतं.