साळूबाईच्या नाकातलं पाणी

डॉक्टरांनी साळूबाईला बजावून सांगितलं होतं: वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, नाकात काही घालायचं नाही. डोक्यातली गाठ त्यांनी नाकावाटे काढली होती. बाहेरून टाक्याची खूणसुद्धा नाही, त्यामुळे राजूरकडच्या तिच्या वाडीत ते ऑपरेशन कुणाला फारसं खरं वाटलंच नाही.

त्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आली. आवणी सावडीनं होते, आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. एकट्या विधवेनं सावड चुकवली तर तिच्या खाचरात कोण उतरणार? साळूबाई शेजारच्या सत्यशीलाच्या खाचरात दिवसभर वाकली. दुसऱ्या दिवशी एका नाकपुडीतून नितळ पाणी ठिबकायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

एरवी कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण ते कोरोनाचं साल. नाक पुसणारी बाई दिसली की माणसं वाट बदलत. सगळ्यांत आधी बाजूला झाली ती सत्यशीला. कुंपणाच्या दगडावर भाकरी ठेवायची आणि साळूबाई यायच्या आत पाठ फिरवायची. भीती सगळ्यांनाच होती, मान्य. पण जिच्या खाचरात हे दुखणं जडलं तिनंच दार लावावं, याला काय म्हणावं? साळूबाईच्या खाचरात त्या वर्षी कुणी उतरलं नाही.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मेंदूभोवतीचं पाणी गळतंय. भोक बुजवलं नाही तर जिवावर बेतेल." पण भरती व्हायचं तर आधी कोरोनाची तपासणी. ती बाहेर मांडवात, आणि तिथला कर्मचारी जैनुद्दीन सगळ्यांच्या नाकात लांब काडी घालत होता. तिच्या नाकात काडी घालू नये हा डॉक्टरांचा निरोप मांडवापर्यंत पोचलाच नव्हता. काडी घातली तर आतली जखम फाटायची, नाही घातली तर भरती नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

काडी पुढे आली तसं तिनं त्याचं मनगट धरलं. "नाकातून नगं, भाऊ. माझं डोक्याचं ऑपरेशन नाकातून झालंय."

"केस तर शाबूत हायत की," मागून रांगेतला एक जण म्हणाला.

जैनुद्दीन हसला नाही. त्यानं डॉक्टरांना फोन लावून विचारलं आणि ती काडी टाकून दुसरी घेतली. "बोललात ते बरं केलं, मावशी. आ करा, घशातून घेतो." त्यानं तिची हनुवटी हलकेच धरली. कितीतरी दिवसांत तिला कुणी हात लावला नव्हता. हातमोज्यातला का होईना, तो हात लगेच सुटू नये असं तिला वाटलं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिनं पहिला फोन सत्यशीलाला केला.

"मला कोरोना न्हाई गं. उद्या ऑपरेशन हाय. सोबतीला माणूस पायजे म्हनत्यात. येतीस का?"

सत्यशीला म्हणाली, "येते की. पर तू आदी बरी हो, मंग येते."

"बरी झाल्यावर माझी मीच घरी येईन," साळूबाई म्हणाली.