मामांनी हाक मारली नाही

आत्ताच दवाखान्यातून घरी आले. चहा केला, पण प्यायचा राहून गेला. रडू येत नाही, म्हणून इथं लिहितेय.

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, आज सकाळी बाथरूममध्ये घसरून पडले. गावाकडची शेती सोडून ते नुकतेच चिकलठाण्याला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेत. या गुळगुळीत फरशीची त्यांना सवयच नाही.

नवरा ड्युटीवर गेला होता. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. बाथरूमचा नळ बराच वेळ चालू राहिला, म्हणून दार वाजवलं.

"काय नाय झालं. तू जा," मामा आतून म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. मी शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांनी धक्के मारून कडी तोडली. मी बाहेरच थांबले.

खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करावं लागणार आहे.

दवाखान्यात मी विचारलं, "मामा, मला हाक का नाही मारली?"

ते छताकडं बघत म्हणाले, "अंगावर कापड नव्हतं. सुनंला कसं बोलवावं?"

नवरा आता तिथं थांबलाय. येताना मी रबरी मॅट आणली. भिंतीला धरायची दांडी उद्या बसेल. आतली कडी आता परत लावणार नाही.

पण लाज वाटली तरी हाक मारा, हे मामांना मी कोणत्या तोंडानं सांगू? तुमच्या घरात हे कुणी बोललं का? कसं बोललात?