अगदी हातात बसली

वन्सं गेल्या हे मीच तुम्हाला फोनवर सांगितलं, रोहन आणि ईशा. तुमच्या आत्याआजी दुपारच्या जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, इतकंच तेव्हा मला ठाऊक होतं. बाकीचं तेराव्यानंतर कळलं. ते फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून लिहिते आहे.

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. भोरच्या शाळेत खेळ शिकवले, आणि निवृत्तीनंतर उत्रोलीला भातखाचरांच्या कडेला पत्र्याची शेड टाकून मुलींना एअर रायफल शिकवू लागल्या. आम्ही जन्मभर एका घरात राहिलो. त्यांच्या चहात साखर किती, आमटीत गूळ किती, सगळं मला पाठ. सासूबाईंचं वळण कडक. वाढणं, दिवा लावणं, देणं-घेणं सगळं वन्सं उजव्या हातानेच करायच्या. उत्रोलीला मात्र मी एकदाही गेले नाही. या वयात छऱ्यांचा खेळ कशाला, असं मला वाटे, आणि ते मी लपवतही नसे.

गेल्या वर्षी संधिवाताने त्यांची बोटं आखडली. रायफलीची जुनी मूठ, म्हणजे ग्रिप, हातात ठरेना. पुण्याला ज्येष्ठांची स्पर्धा होती, आणि तिथे एकदा शेवटचं उतरायचं त्यांच्या फार मनात होतं. तुम्ही म्हणालात, तिकडे तुमच्याकडे हाताच्या मापाची ग्रिप करून मिळते, माप पाठवा. असलं काम माझ्या आवडीचं. कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं. वन्सं मटार सोलत होत्या. “वन्सं, हात ठेवा,” म्हटलं. त्यांनी पदराला पुसून उजवा हात ठेवला. मागितल्यावर कोणता हात पुढे करायचा हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. मी बोटाबोटाभोवती रेघ काढली, पट्टी लावून आकडे घातले. ‘हात कोणता’ या तुमच्या प्रश्नापुढे ‘उजवा’ लिहिलं… विचारलंसुद्धा नाही.

तुमच्या मित्राने ती ग्रिप आणली. आम्ही कापूरहोळला जाऊन घेतली आणि तिथल्याच एका ढाब्यावर चहा सांगून खोकं उघडलं. गडद लाकूड, प्रत्येक बोटासाठी वेगळी खाच. वन्सं ती बराच वेळ उलटीसुलटी करून पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल धरून तयार होते, तुम्हाला फोटो पाठवायला. त्यांनी ती उजव्या हातात घेतली, बोटं मिटली आणि म्हणाल्या, “अगदी हातात बसली, वहिनी.”

स्पर्धेत त्यांचा नंबर शेवटून मोजावा असा आला. तुमचा फोन आला तेव्हा हसून म्हणाल्या, “ग्रिप झकास आहे रे. नेमच म्हातारा झालाय.” फोन ठेवल्यावर मी त्यांना म्हटलं, “आता पुरे करा, वन्सं. मुलांनी एवढं पाठवलं, त्यांनाही ओशाळं वाटत असेल.” त्या “बरं” म्हणाल्या आणि पुन्हा उत्रोलीला गेल्या नाहीत. माझं ऐकलं म्हणून मला बरं वाटलं होतं.

तेराव्यानंतर मंगल आली. ती वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरची, वन्संची पहिली विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई. म्हणाली, रायफल द्यायचीच तर बाईंसारख्या एखाद्या डावखुऱ्या पोरीला द्या. मी म्हटलं, वन्सं कुठे डावखुऱ्या होत्या?

“जेवण्यापुरत्या उजव्या वो काकू. नेम डावा. डोळा बी डावाच.”

मग तिने सगळं सांगितलं. ग्रिप तिनेच बसवली होती. “म्या म्हणलं, बाई, ही उजव्या हाताची हाय, परत धाडा. तर म्हणल्या, पोरांनी एवढ्या लांबनं धाडली, वहिनींनी कागदावर हात काढून दिला, आता त्यास्नी कुठं लाज आणतीस? बसव गप. आईनं घास शिकवला उजव्या हातानं, तसा नेम बी शिकीन.” सत्तरी उलटलेली बाई स्पर्धेपर्यंत रोज उजव्या हाताने नेम शिकत राहिली. लई हुकायच्या, मंगल म्हणाली, आन् हसायच्या.

काल मी तिच्याबरोबर उत्रोलीला गेले, पहिल्यांदा. शेडमध्ये खुंटीला वन्संची टोपी होती, आणि खणात जुनी ग्रिप, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मंगलने खालचा स्क्रू काढून तुमची ग्रिप उतरवली. ती आता माझ्या टेबलावर आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही पाठवलीत ती मी लिहिलं तशीच होती. मग तिने जुनी, डाव्या हाताची चढवली, आणि स्क्रू आवळण्याआधी रायफल माझ्यासमोर धरली.

“काकू, जरा हात लावा. कशी बसतीय बघू.”

मी हात पुढे केला. मंगलची नजर माझ्या हाताकडे गेली… मग मी खाली पाहिलं. उजवाच होता.