विद्यापीठात दळलेली हळद

भिलाईत रोजच्या कामाला जातं कुणालाच लागत नव्हतं. पीठ चक्कीवर मिळायचं, मसाला पाट्यावर व्हायचा, आणि जिच्याकडे मिक्सर आला ती पाट्यालाही हात लावत नव्हती. पण लग्न निघालं की जातं लागायचंच. त्याला हळकुंड-सुपारी बांधायची, पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा, गाणं म्हणत हळद दळायची आणि तीच नवरीला लावायची. विदर्भातून आलेल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांत मिळून जातं मात्र एकच होतं.

ते दुर्गच्या मोहन नगरात राहणाऱ्या एका रेल्वे गार्डाच्या बायकोचं. नवऱ्याची बदली गोंदियाहून दुर्गला झाली तेव्हा तिने ते ब्रेकव्हॅनमधून आणलं. तिच्या तीन मुलींची हळद त्यावर दळली गेली आणि मग तिने ते सगळ्यांना वापरायला दिलं. तेव्हापासून ते कॅम्प एकमधून सेक्टरात आणि सेक्टरातून हुडकोत, असं भिलाईच्या वस्त्यावस्त्यांतून फिरत राहिलं. खालची तळी एका स्कूटरवर जायची, वरची दुसऱ्या. एकदा वरची तळी दुर्गला पोचली आणि खालची कॅम्पात, दोन्हीकडे लग्न, आणि दोन्हीकडच्या बायका अर्ध्या जात्यापुढे बसून होत्या. दोन लग्नांच्या मधल्या काळात जातं माझ्या पलंगाखाली असायचं, कारण माझं घर तळमजल्यावर होतं. दुसरी कुठली लायकी त्याला लागत नव्हती.

मी चौथी शिकलेली. कॉलेजच्या मागच्या बाजूला एका हॉलात आणि एका खोलीत विद्यापीठाने स्त्री-अभ्यास केंद्र उघडलं तेव्हा झाडू, पाणी आणि चहा यासाठी मला घेतलं. केंद्राच्या मॅडम पुण्याकडच्या होत्या. दर महिन्याला त्या एक कार्यक्रम करायच्या. मी सतरंजी टाकायची, फळ्यावर विषय लिहिला जायचा, बाहेरगावची पाहुणी बोलायची. ऐकायला कॉलेजच्या मुली, ज्यांना त्या दिवशी हजेरी मिळणार असायची. घरकामाच्या ओझ्यावर तीन तास भाषण झालं तेव्हा मी चार वेळा चहा केला. मला त्याचं काही वाटलं नाही. चहा मी घरीही करतच होते. इथली मोरी मोठी होती.

एका वर्षी मॅडमनी बायकांच्या कामाच्या वस्तूंचं प्रदर्शन काढलं. मला म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडे एखादं जुनं जातं असेल का? दोन दिवस हवंय फक्त."

मी म्हटलं, पलंगाखाली आहे, घेऊन जा.

एवढ्यावर झालं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण आमचे हे स्टील प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क. तिथे गेटपासशिवाय खिळासुद्धा बाहेर जात नाही, आणि ते बावीस वर्षं तेच बघत आले होते.

"कागद कुठे हाये?" यांनी विचारलं.

"दोन दिवसांसाठी देऊन राहिली मी. कागद कशाला?"

"सामान हाललं की कागद पाहिजे. उद्या हरवलं तं तू काय दाखवशील?"

हे स्वतः केंद्रात गेले. तिथल्या ग्रंथपालाकडे छापलेला एकच फॉर्म होता. जुनी पुस्तकं आणि वस्तू केंद्राला दान देण्याचा.

"बाबूजी, ये तो दान का फॉर्म है," ग्रंथपाल म्हणाला.

"फॉर्म तो है ना?" असं म्हणून यांनी तो तीन प्रतींत भरला. वजन, रंग, तळ्या दोन, खुंटा एक, असं सगळं सुंदर अक्षरात लिहिलं. दात्याच्या नावापुढे स्वतःचं नाव टाकलं आणि सही केली. एक प्रत घरी आणून ट्रंकेत ठेवली आणि मला म्हणाले, "आता बिनघोर राहा."

प्रदर्शनात जात्याला लाकडी चौथरा मिळाला, भोवती दोरी, आणि बाजूला पाटी. पाटीवर मोठ्या अक्षरात 'पितृसत्तेचे अवजार' आणि खाली बारीक अक्षरात दाता म्हणून आमच्या यांचं नाव. मी मॅडमना विचारलं, याचा अर्थ काय?

"म्हणजे बाई, पुरुषांच्या सत्तेने बायकांना ज्याच्यावर राबवलं ते साधन."

"हे तं वर्षातून चार वेळा निघते," मी म्हटलं. "बाकीचे दिवस लोळूनच असते."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही.

दोन दिवस झाले, आठ झाले, जातं परत येईना. मी ग्रंथपालाला विचारलं. तो जवळच्याच गावचा, मला दाई म्हणायचा, म्हणजे छत्तीसगढीत आई. त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. जातं आता केंद्राच्या संग्रहात होतं. वरच्या तळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकला होता, सतरा.

"अब ये बाहर नहीं जाएगा दाई. कमेटी बैठेगी, तब निकलेगा."

"कमेटी कधी बसते?"

"बैठी तो अभी तक नहीं है."

आणि त्याच महिन्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं.

मुलगी सव्वीस वर्षांची. बी.ए. झालेली, बालवाडीत शिकवायची. तिचं एक लग्न आधी साखरपुड्यानंतर मोडलं होतं, कारण त्या लोकांना वाटलं की ती फार हसते. आता हे नागपूरचं स्थळ. मुलगा पोस्टात, स्वभावाने गप्प. ते मला चांगलंच वाटलं, एक हसणारी आणि एक गप्प. पण विहिणीने पत्रात एक अट घातली. हळद जात्यावरचीच हवी. तिच्या थोरल्या सुनेची हळद दुकानातल्या पुडीतली होती आणि ती सून सहा महिन्यांत वेगळी राहायला गेली. या वेळी हळद दळताना विहिणीची थोरली बहीण जातीने हजर राहणार होती. ही बहीण म्हणजेच मोहन नगरची गार्डाची बायको. जातं जिचं होतं, तीच.

तिचा निरोप आला, "माह्यं जातं धुऊन-पुसून ठेवजा. बुधवारी सकाळी येतो. बाराच्या आत हळद झाली पाहिजे."

मी यांच्यापुढे ट्रंकेतली ती प्रत काढून ठेवली. म्हटलं, "तुम्ही तिचं जातं दान करून बसले. तिले जर समजलं, तं हेही लग्न मोडलं समजा."

"अर्ज करतो," हे म्हणाले.

मुलगी म्हणाली, "मम्मी, मिक्सर में पीस लो ना. कौन देखने आ रहा है?"

"ते जातं पाहायलाच तं येऊन राहिली ती," मी म्हटलं. मग मुलगी हसली नाही. आत जाऊन बसली. पहिल्या वेळी ती महिनाभर अशीच आत जाऊन बसायची.

ग्रंथपाल म्हणाला, मोर घर के जांता ले जा दाई. स्वतःच्या घरचं जातं द्यायला निघाला, भला माणूस. पण मोहन नगरवालीला तिचं जातं अंधारातही ओळखता आलं असतं, खुंट्याजवळ टवका उडालेला होता. शेवटी मी मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. लग्न, विहीण, बहीण, फॉर्म. मॅडमचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, जातं मिळालं.

"अहो बाई, किती छान! वस्तू बाहेर देता येत नाही, पण अभ्यासासाठी जागेवर वापरता येते, नियमातच आहे. तुम्ही सगळ्या इथेच या. आपण हळद इथे दळू. जाहीर कार्यक्रम करू!"

मी म्हटलं, "मॅडम, ते लग्न आहे."

"तेच तर!" मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर विषय लागला, 'विवाहविधी आणि स्त्रीचा आवाज: एक प्रात्यक्षिक'. मी मोहन नगरवालीला कळवलं की घरी जागा लहान पडते म्हणून हॉल बघितला आहे. हे खोटं नव्हतं. हॉलच होता तो.

बुधवारी दहाला आम्ही निघालो. मी, मुलगी, शेजारच्या चार सवाष्णी, सूप, हळकुंडं, नारळ. हॉलमध्ये पन्नास मुली वह्या घेऊन बसलेल्या. पुढे टेबलावर टेपरेकॉर्डर आणि माइक. ग्रंथपालाने जात्याच्या दोरीला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. दोरी काढायला तो तयार नव्हता, त्यामुळे आम्हाला ती ओलांडून आत जावं लागलं. पाटी मी आदल्या दिवशी भिंतीकडे फिरवून ठेवली होती. एका मुलीने ती पुन्हा सरळ केली. टापटिपीची सवय असेल.

मोहन नगरवाली सायकलरिक्षातून उतरली. नऊवारी, हातात छत्री. आत आली, मुलींकडे बघितलं, माइककडे बघितलं, मग जात्याकडे. पाटीपुढे उभी राहून तिने एकेक अक्षर जोडत वाचलं. वरची मोठी ओळ तिने सोडून दिली. खालची वाचली.

"वो बाई," ती मला म्हणाली, "हे जातं तुह्या नवऱ्यानं दान केलं?"

मुलगी माझ्या मागे उभी होती. तिचा हात माझ्या पाठीवर आला. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"हो ताई. चुकून केलं. त्यायले फॉर्म भरायचा होता अन् दुसरा फॉर्म नव्हता."

"माह्यं जातं?"

"तुमचंच."

"कावून? मी मेली होती का?"

मॅडम तोवर धावत आल्या. त्यांनी फक्त 'माह्यं जातं' एवढंच ऐकलं होतं. "म्हणजे मूळ मालक तुम्ही? या, या, इथे बसा!" त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, शाल घातली, तोंडापुढे माइक धरला. "आजी, या जात्याशी तुमचं नातं काय, ते आमच्या मुलींना सांगा."

मोहन नगरवालीने माइकवर एकदा फुंकर मारली. तिचा आवाज भिंतीवरच्या भोंग्यातून परत आला, तो तिने ऐकला. आणि मग ती बोलू लागली.

सासू पहाटे कशी उठवायची, पायली पायली ज्वारी कशी दळायला लावायची, दळताना झोप लागली तर वरून पाणी कसं ओतायची. गरोदरपणी कसं दळलं. सासू मेली तेव्हा जातं तिने कसं वाटणीत मागून घेतलं, दिरांनी भांडी घेतली तरी. मुली लिहून घेत होत्या. दोन रडल्या. मी चहा केला. परत आले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि ती माहेरावर आली होती.

"माह्या धाकट्या बहिणीले तं कधी जात्याले हात लावू देल्ला नाही आईनं. लाडाची. आता सुनायले हळदीचं सांगून राहिली. तिची थोरली सून कावून पळाली, हळदीनं पळाली का? हिच्या तोंडानं पळाली! मी असती तं तिसऱ्या दिवशी पळाली असती."

माझी मुलगी फसकन हसली. पन्नास मुलींमध्ये तेवढं ऐकू आलं. मोहन नगरवालीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"हस," ती म्हणाली. "खरंच बोलून राहिली मी."

शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "बारा वाजून दहा मिनिटं झाली वो. मुहूर्त गेला."

मी उठून मोहन नगरवालीला घड्याळ दाखवलं. तिने शाल सावरली. मग माइकमध्येच म्हणाली, "गार्डाची बायको आहे मी. गाडी लेट झाली म्हणून कोणी स्टेशन बंद करत नाही. चाला, दळा."

आम्ही दोरी ओलांडून बसलो. पाचही जणींना गाण्याची पहिलीच ओळ येत होती, म्हणून तीच पंधरा मिनिटं म्हटली. पुढच्या रांगेतल्या मुलीने प्रत्येक वेळी ती पूर्ण लिहून घेतली. हळद निघाली ती पिवळीधमक. सतरा आकड्यातला थोडा पांढरा रंग उडून तिच्यात पडला होता, तो मी नखाने वेचून काढला.

जाताना मोहन नगरवालीने ग्रंथपालाकडून फॉर्म मागवला. दात्याचं नाव खोडून तिथे आपलं लिहायला लावलं, आणि आमच्या यांच्या सहीवर स्वतःची सही केली, वेळ लावून. म्हणजे जातं आता खरोखरच दान झालं. पुढच्या दोन वर्षांत आमच्याकडच्या सहा लग्नांची हळद केंद्रात दळली गेली, आणि केंद्राने विद्यापीठाला सहा जाहीर कार्यक्रम कळवले. त्या वेळी मात्र मला एवढंच दिसत होतं की ती रिक्षात बसायच्या आधी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आहे आणि जात नाही.

"ते टेप कोण ऐकते?" तिने विचारलं.

"विद्यापीठ ऐकते."

"नागपूरचं?"

"इकडचं. पण मॅडम म्हणते, कुठं कुठं पाठवतील."

तिने छत्री उघडली, मिटली.

"तुह्या नवऱ्यानं काय फॉर्म भरला, ते मी बहिणीले सांगत नाही," ती म्हणाली. "अन् मुहूर्ताचंही सांगत नाही. हळद जात्यावरची आहे, मी डोळ्यानं पाहिली, एवढं सांगतो."

"अन् तुम्ही माइकमध्ये काय बोलल्या, ते मले ऐकूच नाही आलं," मी म्हटलं. "मी चहा करून राहिली होती."

"हो ना," ती म्हणाली. "चहा बरा होता."

लग्न ठरल्या दिवशी लागलं. विहीण मुलीच्या गालाला हात लावून म्हणाली की रंग कसा छान चढला आहे, जात्याच्या हळदीची गोष्टच वेगळी. मोहन नगरवाली तेव्हा पंगतीत वरण वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही नाही.