फॉन्टची फ्लॉपी

मलकापूरच्या आम्रपालीताई कॉम्प्युटरचे क्लास घ्यायच्या. चप्पल बाहेर काढल्याशिवाय त्या कुणाला मशीनजवळ फिरकू देत नसत. नव्व्याण्णव साली त्यांनी खपून तालीम मंडळाच्या गणपतीची मराठी वेबसाइट केली. मंडळातल्याच, अमेरिकेला गेलेल्या पुष्करनं ती उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या! त्याच्याकडं ताईंनी वापरलेला मराठी फॉन्टच नव्हता.

ताई कडाडल्या, "जितक्या कंपन्या तितके फॉन्ट! सगळे मिळून एक का ठरवत न्हाईत मेले?"

मंडळाचे अध्यक्ष केरूअण्णा म्हणाले, "आवं, फॉन्टची फ्लॉपी पोस्टानं धाडा की त्याला."

"पोस्टानंच धाडायचं तर वेबसाइट कशाला? पत्रच घाला की सरळ!"

अण्णांचा चेहरा खुलला. "हे लय झ्याक बोललासा! घ्या, लगेच लिवायला घ्या."